स्नो स्कूटर आणि बर्फातल्या सामायिक वाटा : सातारा-सांगलीकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की सातारा, कराड, सांगली, मिरज या भागांतून हिवाळी सहलींबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. कोणाला काश्मीरमधील गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलंगला जायचे असते, तर कोणाची मुले अमेरिकेतील मिनेसोटात किंवा कॅनडातील ओंटारिओत नोकरीला असतात आणि तिथल्या बर्फवाटांवर फिरायला बोलावत असतात. सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत पुनरुक्ती होऊ नये म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्नो स्कूटर आणि स्नोमोबाइल ही दोन वेगळी वाहने आहेत का?

नाही, वाहन एकच आहे. गुलमर्ग-मनालीकडे त्याला स्नो स्कूटर म्हणतात आणि अमेरिका-कॅनडात स्नोमोबाइल. पुढे वळण्यासाठी दोन स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब पट्ट्या, असतात आणि मागे चाकांऐवजी रबरी पट्टा फिरतो, ज्यामुळे वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरते आणि वाहन बर्फात रुतत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या वालकूर गावचे जोसेफ-आर्माँ बोंबार्डिए यांनी १९३७ मध्ये अशा पट्ट्याच्या रचनेचे पेटंट घेतले. त्यांचे पहिले वाहन लहान बससारखे होते, कारण हिवाळ्यात रस्ते बंद झालेल्या गावांत माणसे पोहोचवणे हा त्यामागचा हेतू होता. एक-दोन जणांसाठीची हलकी ‘स्की-डू’ १९५९ मध्ये आली आणि त्यानंतर या वाहनाला हौशी स्वरूप मिळाले. आपल्याकडे सैन्यदल सियाचिनच्या भागात स्नो स्कूटर वापरते, त्यामुळे अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातील निवृत्त जवानांकडून बर्फाच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या, तर त्या लक्ष देऊन ऐकाव्यात.

२. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर बर्फ पडतो, मग आम्हाला बर्फाची थोडीफार सवय आहे असे म्हणता येईल का?

वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात थंडीच्या दिवसांत पहाटे गवतावर आणि जेटीच्या फळ्यांवर जो पांढरा थर दिसतो, तो पडलेला बर्फ नसून गोठलेले दव असते. आकाश निरभ्र आणि वारा शांत असला, की जमिनीलगतची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही गवताच्या पात्यावरचे तापमान शून्याखाली जाऊ शकते. ऊन आले की हा थर काही वेळात नाहीसा होतो. ढगांतून पडलेला आणि महिनोन्‌महिने साचून थरांवर थर चढलेला बर्फ ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे, कारण त्यात पाय मांडीपर्यंत जातो, उतारावर तो घसरतो आणि त्याखाली काय दडले आहे हे वरून दिसत नाही. उंचीचाही विचार करावा. आपल्या राज्यातील सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे, आणि गुलमर्गचे पठारच सुमारे २,६५० मीटरवर आहे.

३. भारतात स्नो स्कूटर नेमकी कोठे आणि कोणत्या महिन्यात चालवायला मिळते?

गुलमर्ग आणि मनालीजवळची सोलंग ही मुख्य ठिकाणे होत. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो, म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे दिवस आम्ही सुचवतो. तरीही खात्री कोणीही देऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदाने बर्फाविना उघडी पडली होती आणि अनेकांना तसेच परतावे लागले. सोलंगच्या पुढे ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाल्यामुळे लाहौलमधील सिस्सूपर्यंतही हिवाळ्यात जाता येते, मात्र हिमवृष्टीनंतर तो रस्ता अनेकदा बंद ठेवतात. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद असते. सहलीच्या जाहिरातीत जानेवारीतील रोहतांग दर्शन लिहिलेले असेल, तर पैसे भरण्याआधी त्याचा खुलासा मागावा.

४. मी वीस वर्षे बुलेट चालवतो, यवतेश्वरचा घाट माझ्या सवयीचा आहे. स्नो स्कूटर लगेच जमेल ना?

आमच्याकडे सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर लांब देणे भाग आहे, कारण मोटारसायकलची सवयच येथे आडवी येते.

मोटारसायकलचा वेग मूठ पिळून वाढतो, तर स्नो स्कूटरला उजव्या अंगठ्याजवळ एक खटका असतो. तो दाबला की यंत्र पुढे जाते आणि सोडला की मंदावते. ब्रेक डाव्या हाताला असतो. क्लच नाही, गिअर नाही आणि पायाचा ब्रेकही नाही. घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो, त्या आवळण्यात अंगठाही दाबला जातो, आणि ज्या क्षणी थांबायला हवे त्याच क्षणी यंत्र उसळून पुढे जाते. सोलंगला पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्याकडून हेच घडले होते. उजवा पाय ब्रेक शोधत राहिला, अंगठा खटक्यावरच राहिला आणि मी बर्फाच्या ढिगात जाऊन थांबलो. ढीग मऊ होता म्हणून निभावले, नाहीतर त्याच रेषेत दहा-बारा पावलांवर एक कुटुंब फोटो काढत उभे होते. त्या दिवसापासून पहिल्यांदा बसणाऱ्या प्रत्येकाला आम्ही यंत्र बंद ठेवून दहा वेळा अंगठा उचलण्याचा सराव करायला लावतो.

दुसरी सवय पाय टेकण्याची. घाटातल्या वळणावर मोटारसायकल कलली की आपण पाय खाली टेकवतो. येथे दोनशे ते तीनशे किलो वजनाचे यंत्र चालू असताना पाय बाहेर काढला, तर तो बर्फात अडकून गुडघा पिळवटतो. पाय नेहमी पायपट्टीवर ठेवावेत आणि वळताना शरीराचा भार आतल्या बाजूला न्यावा. तिसरी गोष्ट म्हणजे इंजिन बंद करणारी दोरी. तिचे एक टोक यंत्राला आणि दुसरे चालकाच्या जॅकेटला अडकवतात, म्हणजे चालक पडला की इंजिन आपोआप बंद होते. ही दोरी यंत्राला नसेल किंवा ‘त्याची काही गरज नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते यंत्र घेऊ नये. चालू यंत्राच्या मागे कधीही उभे राहू नये, कारण पट्ट्यात अडकलेला दगड वेगाने मागे फेकला जाऊ शकतो.

५. कपडे कोणते घालावेत? तिथे भाड्याने मिळणारा कोट आणि गमबूट पुरतात का?

थोडा वेळ फेरी मारायची असेल तर पुरतात, मात्र आतले कपडे घरून नीट न्यावेत. सुती बनियन आणि सुती मोजे घामाने भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब घालवतात, म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर असावा. वेगामुळे थंडी किती वाढते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. उणे १० अंशांत ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला ते सुमारे उणे २२ अंशांसारखे जाणवते, आणि बोटे, नाक व कानाच्या पाळ्यांना हिमदंश होण्याची भीती त्यामुळेच असते. बोटे बधिर होऊन पांढरी दिसू लागली तर ती चोळू नयेत. आडोशाला जाऊन काखेत धरून ऊब द्यावी.

महिलांना एक विनंती आवर्जून करतो. शाल, ओढणी, स्टोल किंवा साडीचा पदर मोकळा ठेवून मागे बसू नये, कारण मोकळे टोक फिरणाऱ्या पट्ट्यात खेचले जाऊ शकते. लांब मफलर घालणाऱ्या पुरुषांनाही हे तितकेच लागू आहे.

६. आई-बाबा साठी ओलांडलेले आहेत आणि नात सहा वर्षांची आहे. त्यांना मागे बसवावे का?

सपाट मैदानावर, जाणत्या चालकामागे आणि सावकाश, इतकेच. कंबरेचा किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी बसू नये, कारण उंचसखल बर्फावरचे धक्के थेट पाठीत बसतात. लहान मुलाच्या डोक्याला नीट बसणारे हेल्मेट मिळाले नाही, तर मुलाला बसवू नये. हट्ट पुरवण्यासाठी पुढ्यात, हँडल आणि पोट यांच्या मध्ये बसवणे सर्वांत धोक्याचे आहे.

विरळ हवेचाही प्रश्न आहे. सातारा शहर सुमारे ७०० मीटरवर आहे, आणि गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या बाजूला ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना ही उंची आकड्यांत सांगावी. ‘थंड हवेच्या ठिकाणी चाललो आहोत’ एवढ्यावरून त्यांना अंदाज येत नाही.

७. सामायिक वाट म्हणजे काय? एकाच वाटेवर यंत्रे आणि पायी चालणारी माणसे कशी मावतात?

एकाच वाटेचा उपयोग चालणारे, सायकलस्वार, घोडेस्वार, स्कीवर जाणारे आणि काही ठिकाणी स्नोमोबाइलवाले असे अनेक जण ठरलेल्या नियमांनी करतात, तेव्हा तिला सामायिक वाट म्हणतात. लोणंद-फलटण मार्गाने माउलींची पालखी जाते तेव्हा त्याच रस्त्यावर पायी वारकरी, अश्व, बैलजोडीचा रथ, पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिका असतात. चांदोबाचा लिंब येथे रिंगणासाठी क्षणात वाट मोकळी होते, कारण कोणी कोणासाठी थांबायचे हे सर्वांना ठाऊक असते. सामायिक वाटही याच समजुतीवर चालते.

अमेरिकेत अशा अनेक वाटा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार झाल्या आहेत. विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय-स्पार्टा ही सुमारे ५१ किलोमीटरची वाट १९६० च्या दशकात अशीच आकाराला आली. तिच्यावर उन्हाळ्यात सायकली आणि हिवाळ्यात स्नोमोबाइल धावतात. रेल्वेमार्गाला चढ फार नसतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही अशी वाट झेपते.

८. समोरासमोर आलो तर आधी कोणी थांबायचे?

यंत्रावर असलेल्याने. सायकलस्वाराने चालणाऱ्याला वाट द्यावी, सर्वांनी घोड्याला वाट द्यावी आणि यंत्रवाल्याने सर्वांनाच वाट द्यावी. चढावर दोघे भेटले तर उतरणाऱ्याने थांबावे, कारण चढणाऱ्याची लय एकदा मोडली की पुन्हा सुरुवात करणे जड जाते. बर्फ सपाट करणारे मोठे यंत्र समोर दिसले तर स्नोमोबाइल बाजूला घेऊन थांबवावी.

घोड्याजवळून जाताना वेग कमी करणे पुरेसे नाही. इंजिन बंद करून, हेल्मेट काढून चार शब्द बोलावेत, कारण हेल्मेट घातलेली आकृती माणूस आहे हे घोड्याला आवाजावरून कळते. गुलमर्गला घोडेवाले आणि स्नो स्कूटरवाले एकाच मैदानात असतात, तिथे हे विशेष लक्षात ठेवावे.

अमेरिका-कॅनडातील वाटांवर हाताच्या खुणाही असतात. ताफ्यातील चालक समोरून येणाऱ्याला ‘माझ्यामागे आणखी आहेत’ असे अंगठ्याने मागे दाखवतो, आणि शेवटचा चालक मूठ वळलेला हात वर करतो. त्या मुठीचा अर्थ ‘मागे कोणी नाही’ असा असतो. वळणाआड काय आहे हे या खुणेमुळे आधीच कळते. खुणेसाठी हात सोडणे नवख्याला जमत नसेल, तर दोन्ही हात हँडलवरच ठेवावेत. त्यात कमीपणा मानू नये.

९. बर्फावर यंत्राने सपाट केलेली सुंदर वाट दिसते. तिच्यावर पायी चालले तर काय बिघडते?

वाटेवर अवलंबून आहे. स्नोमोबाइलची आणि चालणाऱ्यांची सामायिक वाट असेल तर उजव्या कडेने चालावे. स्कीसाठी दोन समांतर चऱ्या पाडलेल्या असतील तर त्यांवर पाऊल ठेवू नये, कारण पावलाचा खड्डा रात्री गोठून दगडासारखा होतो आणि दुसऱ्या दिवशी स्कीवरून येणारा त्यात अडखळतो. हे सपाटीकरण बहुधा रात्री करतात. गार हवेत दाबलेले कण एकमेकांना जखडून वाट घट्ट होते आणि त्याला काही तास लागतात. ती घट्ट होण्याआधी कोणी गेले, तर रात्रभराचे श्रम वाया जातात.

१०. मुलगा मिनेसोटात आहे. तिथे स्नोमोबाइलसाठी परवाना लागतो का?

३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या मिनेसोटाच्या रहिवाशाला स्नोमोबाइल सुरक्षा प्रमाणपत्र लागते. तुमचा मुलगा बहुधा या वयोगटात बसेल. सार्वजनिक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर आहे. त्या राज्यात ३५ हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या स्नोमोबाइल वाटा आहेत, आणि त्यांची निगा मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. शेजारच्या कॅनडातील ओंटारिओत वाटांवरची मर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे आणि तिथल्या स्नोमोबाइल संघटनेच्या वाटांसाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी दारू पिऊन स्नोमोबाइल चालवणे हा दारू पिऊन मोटार चालवण्याइतकाच गुन्हा आहे. मिनेसोटात २०१८ पासून अशा शिक्षेचा परिणाम मोटारीच्या परवान्यावरही होतो. परदेशात नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याने हे विसरू नये.

११. गोठलेल्या तलावावरून जाणे सुरक्षित असते का?

मिनेसोटाच्या नैसर्गिक संपदा विभागाच्या मार्गदर्शनानुसार नव्या, स्वच्छ, निळसर बर्फाची जाडी पायी जाण्यासाठी किमान ४ इंच आणि स्नोमोबाइलसाठी ५ ते ७ इंच असावी. पांढरट बर्फ कमकुवत असतो, त्याची जाडी दुप्पट हवी. ओढा मिळतो तिथे, पुलाखाली आणि पाणी बाहेर पडते तिथे बर्फ पातळ राहतो, त्यामुळे एका ठिकाणचे माप साऱ्या तलावाला लागू होत नाही. रात्री तलावावर जाऊ नये, कारण दिव्याच्या उजेडात उघडे पाणी दिसेपर्यंत थांबायला अंतर उरलेले नसते. पाण्यात पडल्यास ज्या दिशेने आलो त्या दिशेलाच वळावे, पाय मारत अंग बर्फावर आडवे ओढावे आणि उभे न राहता गडगडत दूर जावे.

१२. गाईड म्हणतो, थोडे जास्त पैसे द्या, वरच्या कोऱ्या बर्फात नेतो. जावे का?

नाही. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर बर्फाचा थर सर्वाधिक वेळा सुटतो, आणि ‘कोरा’ दिसणारा भाग बहुधा असाच असतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावरील हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच परिसरात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. तिथे येणारे बहुतेक जण अनुभवी असतात, हे लक्षात घ्यावे. अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर संकेत पाठवणारे यंत्र आणि पाठीवर फावडे व शोधकाठी असते, कारण गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही.

गाईडशी वाद घालू नये. त्याचे वर्षभराचे पोट या दोन-तीन महिन्यांवर असते. त्याच पैशांत खालच्या मैदानात अर्धा तास जास्त मागावा, तो आनंदाने देतो.

१३. वाट एखाद्या शेतातून वर्षानुवर्षे जात असेल, तर ती वहिवाट होते ना? मग मालक बंद कशी करू शकतो?

हा प्रश्न आपल्या भागातूनच यावा, इतका तो आपला आहे. पाणंद आणि बांधावरच्या रस्त्यांचे तंटे घराघरांत असतात. शेतात जाण्याचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, कारण तो शेतकऱ्याच्या गरजेचा रस्ता असतो. हौशी फिरण्याच्या बर्फवाटेचे तसे नाही. अमेरिका-कॅनडात या वाटांचा मोठा भाग खासगी शेतांतून मालकाच्या संमतीने जातो. ही संमती तो मागे घेऊ शकतो, आणि संमतीने केलेल्या वापरातून हक्क तयार होत नाही. विनामूल्य जाऊ देणाऱ्या मालकावर अपघाताची जबाबदारी सहसा येऊ नये, म्हणून अमेरिकेतील सर्व राज्यांनी कायदे केले आहेत.

म्हणून वाटेवरच्या पाट्यांबाहेर चार हात जाणेही गैर आहे. बर्फाखाली हिवाळी गव्हासारखे पीक असू शकते. एखाद्याने शेतात यंत्र फिरवले की मालक साखळी लावतो आणि त्या एका शेतामुळे पुढची सारी वाट तुटते. आपल्या उसात कोणी मोटारसायकल घातली तर आपल्याला काय वाटेल, एवढे आठवले तरी पुरे.

१४. मुलगी नॉर्वेत असते. तिथे तर बर्फच बर्फ, मग कोठेही चालवता येत असेल?

उलट आहे. नॉर्वेत १९७७ च्या कायद्याने मोकळ्या रानात मोटारवाहन नेणे तत्त्वतः बंद आहे. हौशी स्नोमोबाइलसाठी ठरावीक मार्ग आखण्याची मुभा तिथल्या स्थानिक पालिकांना २०१५ पासून मिळाली. जिथे असा मार्ग नाही, तिथे स्कीवर फिरावे.

१५. विजेची मदत असलेली जाड टायरची सायकल यंत्रात मोडते की सायकलीत?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत अशा सायकलींचे तीन वर्ग केले आहेत. पॅडल मारतानाच मदत करणारी आणि ताशी २० मैलांवर मदत थांबवणारी सायकल पहिल्या वर्गात येते, आणि जिथे सायकल चालते अशा अनेक वाटांवर तिला परवानगी असते. पॅडल न मारता खटक्यावर पळणारी दुसऱ्या वर्गात आणि ताशी २८ मैलांपर्यंत मदत करणारी तिसऱ्या वर्गात मोडते. या दोन्हींना अनेक ठिकाणी बंदी असते. अंतिम शब्द वाटेच्या तोंडाशी लावलेल्या फलकाचा. परवानगी असली तरी टायरची चरी इंचभर खोल उमटू लागली, की बर्फ मऊ झाला असे समजून परत फिरावे. वाट देण्याचे नियम प्रश्न ८ मध्ये आहेत. विजेची सायकल चालवणाऱ्याने स्वतःला यंत्रवाला समजूनच वागावे, असे आमचे मत आहे.

१६. परदेशात रानातून यंत्रे नेतात, मग कासच्या पठारावर मोटारसायकलसाठी एखादी वाट का असू नये?

तिथे यंत्र जमिनीवरून जात नाही, साचलेल्या बर्फावरून जाते, आणि हा फरक मोठा आहे. पुरेसा बर्फ असला तर त्याखालची जमीन बऱ्याच अंशी झाकलेली राहते. बर्फ विरळ झाला की तिथेही वाटा बंद करतात, कारण पट्टा गवत आणि माती खरवडू लागतो. शिवाय बहुतेक यंत्रांचे इंजिन उडणाऱ्या बर्फानेच थंड होत असल्यामुळे ते तापते. कासचा सडा, म्हणजे हे खडकाळ पठार, हा जांभ्या दगडावरचा मातीचा अगदी पातळ थर आहे, आणि त्याला कोणतेही पांघरूण नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुलणाऱ्या वनस्पतींची मुळे, कंद आणि बिया वर्षभर त्याच थरात असतात. ओल्या सड्यावर टायर एकदा फिरला तर चरीत पाणी वाहू लागते आणि ती माती पुढच्या पावसात निघून जाते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. गाडी वाहनतळावर ठेवावी, फुलांच्या हंगामात आगाऊ नोंदणी करावी आणि आखून दिलेल्या पायवाटेने एकामागोमाग एक चालावे. फोटोसाठी खाली बसायचे झाले, तरी पायवाटेवरच बसावे.